पीएमआर: प्रेडनिसोलोन कमी करत आणताना

पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका हे नाव दवाखान्यात ऐकलं की घरी पोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. पीएमआर एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. वय पन्नाशीच्या पुढे, बहुतेकदा सत्तरीच्या आसपास. दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे एकदम धरलेले. सकाळी अंग इतकं आखडलेलं की कुशीवर वळायलाही कुणाचा तरी हात लागावा. आणि रक्तात ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारे आकडे) चढलेले. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. उत्तर युरोपात तो भरपूर आढळतो, आपल्याकडे त्या मानाने कमी. त्यामुळे इथे बरेच जण आधी ‘फ्रोझन शोल्डर’, मग ‘मणक्यात गॅप’, मग ‘आता वय झालं’ अशी सगळी स्टेशनं घेत संधिवाततज्ज्ञांकडे पोचतात.

मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं, सहसा दिवसाला १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान, आणि दोन-चार दिवसांत माणूस आपल्या हाताने केस विंचरायला लागतो. घरातले म्हणतात, जादू झाली. कंटाळवाणा भाग त्यानंतर सुरू होतो. ही गोळी पुढचं वर्ष, दोन वर्षं, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त काळ, चिमटीचिमटीने कमी करत आणायची असते.

मी या आजाराची पेशंट आहे, डॉक्टर नाही. डोस किती आणि कधी कमी करायचा हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण दोन अपॉइंटमेंटच्या मधले आठवडे आपल्यालाच घरी काढायचे असतात. त्या आठवड्यांत काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि फोन केव्हा करायचा, ते इथे लिहिते आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

गोळी कमी करताना प्रत्येक पायरीला दोन गोष्टी बघायच्या असतात. आजार शांत आहे का? आणि आपल्या ॲड्रिनल ग्रंथी परत कामाला लागल्या का? कुठे दुखलं की पहिला प्रश्न सगळ्यांना आठवतो, दुसरा क्वचितच कुणाला.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या दोन छोट्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात. शरीराची ही रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या भाषेत साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम. आपण बाहेरून त्याहून जास्त देत राहिलो की मेंदूकडून या ग्रंथींना येणारा हुकूम बंद होतो आणि त्या सुस्तावतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी चालू असेल तर हे झालं आहे असंच धरून चालायचं. म्हणूनच ही गोळी अचानक बंद करायची नसते. तसं केलं तर नुसतं दुखणं परत येत नाही. उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं, साखर उतरणं, इथपर्यंत गोष्ट जाते आणि ती जिवावर बेतू शकते. ‘स्टेरॉइड वाईट असतं, आजपासून बंद’ असं सांगणारा नातेवाईक प्रत्येक घरात एक तरी असतो. त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

१० मिलिग्रॅमच्या वर असताना पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. पाचच्या खाली उतरलात की दुसरा. मधल्या पट्ट्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

हातातली गोळी नीट ओळखा

पट्टीवर ब्रँडचं नाव मोठं आणि मिलिग्रॅमचा आकडा बारीक असतो. वायसोलोन काय, ओम्नाकॉर्टिल काय, आत प्रेडनिसोलोनच. बघायचा तो आकडा. ५, १० आणि २० च्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात. घरात एका वेळी एकच ताकद ठेवता आली तर उत्तम, आणि ती ५ ची असावी.

केमिस्टने ‘हे नाहीये, पण सेमच आहे’ म्हणून दुसरं स्टेरॉइड पुढे केलं तर घेऊ नका. सगळी स्टेरॉइडं मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नसतात. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकॉर्ट ६ आणि डेक्सामेथासोन जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. गावोगावी सांधेदुखीवर कागदी पुड्यांतून मिळणाऱ्या ‘जडीबुटी’च्या चूर्णांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा उघडकीला आलं आहे. कुणी आधी अशा पुड्या घेत असेल तर ते न लाजता डॉक्टरांना सांगावं, कारण तो हिशेब धरल्याशिवाय पुढचा हिशेब जुळणार नाही.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर, एकदाच. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच सर्वांत जास्त असतं, त्या तालाशी हे जुळतं. संध्याकाळी घेतली तर रात्रभर छताकडे बघत पडायची तयारी ठेवा. एकादशी असो की संकष्टी, गोळी चुकवायची नाही आणि उपाशीपोटी घ्यायची नाही. उपासाचं काहीतरी खाऊन घ्या. निर्जळी उपास मात्र या काळात सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

उतरण कशी असते

युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून ज्या शिफारशी केल्या त्यांचा आराखडा असा: चार ते आठ आठवड्यांत १० मिलिग्रॅमपर्यंत या, आणि तिथून पुढे दर चार आठवड्यांना १ मिलिग्रॅम कमी करा. ब्रिटनमधल्या जुन्या मार्गदर्शिकेत हेच जरा सावकाश आहे: १५ वर तीन आठवडे, १२.५ वर तीन आठवडे, १० वर चार ते सहा आठवडे, मग दर चार ते आठ आठवड्यांनी १ मिलिग्रॅम.

म्हणजे वरचा अर्धा भाग दोन-अडीच महिन्यांत संपतो आणि खालच्या दहा मिलिग्रॅमला जवळपास वर्ष लागतं. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. पण टक्केवारी लावून बघा. पंधरावरून साडेबारा ही सहाव्या हिश्श्याची कपात. चारावरून तीन ही चौथ्या हिश्श्याची. डोस लहान होत जातो तशी तीच एक मिलिग्रॅमची पायरी शरीराला मोठी होत जाते.

आता अडचण: ५ ची गोळी मोडून १ मिलिग्रॅम कसा काढायचा? लंडनला असाल तर १ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते, प्रश्न मिटला. (ब्रिटनमध्ये पोटात उशिरा विरघळणारी, वरून आवरण असलेली गोळीही मिळते, ती मोडायची नसते.) आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात १ ची गोळी मिळेलच असं नाही. ५ चा अर्धा, म्हणजे २.५, इथपर्यंत ठीक. मधल्या खाचेवर अंगठे ठेवून मोडली तर बरी तुटते. नाहीतर केमिस्टकडे गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी मिळते. चतकोर करायला गेलात तर निम्मी पूड डबीत आणि निम्मी बोटांना. त्या फंदात पडू नका.

त्याऐवजी डॉक्टर दिवसाआड पद्धत देतात: एक दिवस १०, एक दिवस ७.५. सरासरी पावणेनऊ. चार आठवडे तसं, मग रोज ७.५. मग ७.५ आणि ५ दिवसाआड. तीच युक्ती खाली ५ आणि २.५ ला चालते. याहूनही हळू जायचं तर पहिल्या आठवड्यात फक्त एक दिवस कमी डोस, दुसऱ्या आठवड्यात लागून न येणारे दोन दिवस, असं करत आठवडा भरत न्यायचा. पाचाच्या खाली वारंवार अडकणाऱ्यांसाठी ही रीत डॉक्टरांना विचारून बघण्यासारखी आहे.

दिवसाआड पद्धतीत घोटाळा एकच होतो: आज कुठला दिवस होता? तारीख-वाराच्या कॅलेंडरवर महिनाभराचे आकडे आधीच चौकटींत लिहून ठेवा आणि गोळी घेतली की त्या आकड्यावर काट मारा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी हे आकडे असतात. मोबाईलची ॲप आहेत, पण भिंतीवरचा आकडा घरातल्या सगळ्यांना दिसतो. आपण विसरलो तरी सून विचारते, ‘आई, आज साडेसात ना?’

रोज सकाळी तीन गोष्टी

‘कसं वाटतंय’ या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर येतं. झोपेवर, हवेवर, कालच्या भांडणावरही ते अवलंबून असतं. म्हणून ठरलेल्या हालचाली बघा. मी बघते त्या अशा. पलंगावरून हाताचा आधार न घेता उठता येतं का. फडताळातल्या सर्वांत वरच्या फळीवरचा डबा दोन्ही हातांनी काढता येतो का. आणि अंग मोकळं व्हायला किती वेळ लागला: चहा होईपर्यंत, की आंघोळ उरकेपर्यंत, की जेवणाच्या वेळेपर्यंत. पाठीमागे हात नेऊन हुक लावणं, शर्टाची बाही चढवणं, यांतलं काहीही चालेल. हालचाल तीच ठेवा, वेळही तीच ठेवा. चौकटीत गोळीच्या आकड्याखाली ‘१५ मि.’ किंवा ‘१ तास’ एवढं लिहिलं की झालं. ही पानं डॉक्टरांपुढे ठेवली तर भेटीतला निम्मा वेळ वाचतो.

ईएसआर आणि सीआरपी डॉक्टर सांगतील तेव्हा करायचे. नुसता ईएसआर थोडा वाढला म्हणून अंग ठीक असताना डोस वाढवत नाहीत. वयाने, ॲनिमियाने, साध्या संसर्गानेही तो वाढतो. कधी आकडे चांगले आणि माणूस मात्र आखडलेला, असंही होतं. दोन्ही एकत्र वाचावे लागतात, आणि ते वाचायचं काम त्यांचं.

कमी केल्यावर दुखलं तर

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सावकाश.

डोस उतरवला की बऱ्याच जणांना पहिले काही दिवस अंगदुखी, थकवा, मरगळ, उगाच रडू येणं, कधी मळमळ असा त्रास होतो. शरीराला सवय लागलेला डोस कमी झाल्याचा तो परिणाम असतो. तो गोळी कमी केल्यावर लगेच, दोन-चार दिवसांत सुरू होतो, सगळीकडे पसरलेला असतो आणि साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. आजार उलटला असेल तर चाल वेगळी असते. पहिले दिवस बरे जातात, मग हळूहळू तेच जुने खांदे, तेच खुबे, सकाळचं आखडणं रोज थोडं थोडं लांबत जातं आणि ओसरायचं नाव घेत नाही. कॅलेंडरवर ‘१५ मि., २० मि., ४० मि., १ तास’ असं चढत गेलेलं दिसलं तर फोन करायची वेळ आली.

ही विभागणी घोटून पाठ करायला सोपी आहे, अंगावर निभावताना तितकी सोपी नाही. तिसरी शक्यताही असते. साठी-सत्तरीत गुडघे झिजलेले असतातच, खांद्याचे स्नायूही कुरकुरतात. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसाने ती दुखणीही दबलेली असतात. डोस उतरला की ती आपापल्या जागी परत येतात. एकाच गुडघ्यात जिना उतरताना येणारी कळ हा पीएमआर नव्हे. तिच्यासाठी स्टेरॉइड वाढवलं तर गुडघा तसाच राहतो आणि हाडं मात्र ठिसूळ होतात. तसंच ‘तोवर पेनकिलर घेते’ म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नका. स्टेरॉइडच्या जोडीला ती घेतली की जठरात व्रण होऊन रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. पॅरासिटामॉलचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

आजार खरंच उलटला तर प्रचलित रीत अशी: ज्या डोसवर शेवटचं बरं होतं तिथे परत जायचं आणि पुन्हा चार ते आठ आठवड्यांत, सावकाश, जिथे अडखळलो तिथवर उतरायचं. थेट वीसवर उडी मारायची गरज बहुतेकदा नसते. असं मागे जावं लागणं या आजारात फार सर्रास घडतं, त्यात पेशंटचं काही चुकलेलं नसतं. पुन्हा पुन्हा अडकत असेल तर डॉक्टर मेथोट्रेक्सेट जोडण्याचा विचार करतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवा आणि चिठ्ठीवर तो वार मोठ्या अक्षरात लिहून घ्या. महागड्या इंजेक्शनांचा पर्यायही आता आहे. सॅरिल्युमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत खास पीएमआरसाठी मान्यता मिळाली. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी तिथवर जात नाही.

या लक्षणांना थांबायचं नाही

पीएमआरच्या काही पेशंटना डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा जोडआजार होतो, जायंट सेल आर्टेरायटिस. नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची त्वचा हुळहुळणं, भाकरी चावता चावता जबडा दुखून थांबावं लागणं, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होणं किंवा एकाचे दोन दिसणं. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, हॉस्पिटल गाठा. दृष्टी एकदा गेली की सहसा परत येत नाही. याला लागणारा डोस पीएमआरच्या कितीतरी पट, ४० ते ६० मिलिग्रॅम असतो, म्हणजे घरची अर्धी गोळी वाढवून भागणारं हे प्रकरण नव्हे.

पाचच्या खाली

इथून दुसऱ्या प्रश्नाचा अंमल सुरू होतो. दुखत काही नाही, पण दुपारपर्यंत बॅटरी उतरते, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, भूक मेलेली, वजन उतरतंय. ही ग्रंथी अजून पेंगत असल्याची चिन्हं असू शकतात. डॉक्टर सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी सांगतात. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची की कसं, हे आधी विचारून जा. गोळी घेऊन गेलात तर आकड्याला अर्थ राहत नाही. आकडा (डेसिलिटरमागे) १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असं सहसा मानतात. पाचाच्या खाली असेल तर आहे तो छोटा डोस चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. काहींना २.५ वर बराच काळ राहावं लागतं. ‘एवढ्याशा गोळीने काय होतंय, सोडून देते’ असं इथेच वाटतं, आणि सोडण्यासाठी ही जागा सर्वांत वाईट.

आजारपणाचे नियमही आताच लिहून घ्या. धडधाकट माणसाच्या ग्रंथी तापात जास्त कॉर्टिसॉल सोडतात, आपल्या सोडू शकत नाहीत. म्हणून डेंग्यू, न्यूमोनिया, जोराचा फ्लू अशा वेळी गोळी वाढवावी लागते. १० मिलिग्रॅमच्या खाली असणाऱ्यांना ताप असेतो सकाळ-संध्याकाळ पाच-पाच असं सहसा सांगतात. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांच्या अक्षरात असू द्या. उलट्या-जुलाबात गोळी पोटात टिकत नसेल तर ओआरएस पीत घरी बसू नका. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, तेही लवकर. ब्रिटनमध्ये अशा पेशंटना खिशात ठेवायला स्टेरॉइडचं आपत्कालीन कार्ड देतात. आपण साध्या पोस्टकार्डाच्या तुकड्यावर करावं: नाव, प्रेडनिसोलोन कधीपासून, सध्याचा डोस, ‘अचानक बंद करू नये’, आणि घरच्यांचा फोन. मोतीबिंदू असो, दाढ काढणं असो की खुब्याचं ऑपरेशन, हा कागद आधी पुढे करायचा.

बाजूच्या गोष्टी

मधुमेह असेल तर एक बारकावा. सकाळच्या गोळीने साखर दुपारनंतर चढते, पहाटेची उपाशीपोटीची मात्र छान येते. म्हणून दुपारच्या जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीची साखर बघा. स्टेरॉइडमुळे मधुमेहाचं औषध वाढवलेलं असतं. स्टेरॉइड उतरवताना तेही उतरवावं लागतं, नाहीतर संध्याकाळी घाम फुटून साखर खाली येते. दोन डॉक्टर वेगळे असतील तर एकाने काय बदललं ते दुसऱ्याला सांगणारे आपणच.

हाडांसाठी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी दिली असेल तर ती उठल्याबरोबर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहाच्याही आधी, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू वर्षातून एकदा तपासा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधं प्रेडनिसोलोन लवकर निकामी करतात. त्यामुळे यांतलं काही नव्याने सुरू झालं तर तुमचा डोस न बदलताही कमी पडू लागतो.

लग्नसराई, परगावचा प्रवास, दिवाळीच्या साफसफाईचा आठवडा यांच्या तोंडावर डोस उतरवू नका. तारीख पंधरा दिवस पुढे ढकलल्याने काहीही बिघडत नाही.

शेवटची गोळी घेतल्यावर

पुढचे काही महिने सकाळच्या तीन हालचाली बघणं चालू ठेवा. आजार परतायचा तर बहुधा याच काळात परततो. पुढे वर्षभर मोठा ताप, अपघात किंवा ऑपरेशन आलं तर ‘स्टेरॉइड बंद झालंय’ एवढंच न सांगता ते कधी बंद झालं आणि किती काळ चाललं हेही सांगा, कारण ग्रंथींना पूर्ण सावरायला कधी कधी तेवढा वेळ लागतो. कार्ड पर्समध्येच राहू द्या, फक्त त्यावर शेवटच्या गोळीची तारीख घाला. आणि उरलेली पट्टी शेजारच्या काकूंना गुडघ्यावर ‘छान लागू पडते’ म्हणून देऊ नका.